स्वीटीसाठी लेखनिक

प्रिय रक्षा,

परीक्षेत स्वीटी सांगन ते लिहून द्याले तुह्या काजलले पाठव, नववीतली चालते, असं तू सोमवारी फोनवर म्हटलं, अन् मी काजलच्या तब्येतीचं कारण सांगून नाई म्हटलं. ते खोटं होतं. काजल ठणठणीत आहे. तुह्या पोरीवर मी जळते, म्हणून नाई म्हटलं.

जळू नाई तं काय करू? स्वीटीले दोन ओळी धड लिहिता येत नाईत, पण गणितात सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी तिचं उत्तर तयार. तरी शाळेनं तिले मठ्ठ नाई म्हटलं. धनंजय सरांनी तपासणी कराले लावली, लिहिण्याची अडचण खरी आहे असा सरकारी दवाखान्याचा दाखला आला, अन् आता दहावीले तिले जास्तीचा वेळ, खालच्या वर्गातली लेखनिक, वरून गणिताच्या स्पर्धेची येगळी शिकवणी. तू हे सारं कौतुकानं सांगे तवा मी "हो का, छान" म्हणो अन् फोन ठेवून भांडे आपटो.

आपल्या शाळेत तोंडी हिशेबात माह्यापुढे कोणी नव्हतं, आठवते ना? पण पाटी हातात आली का अक्षरं उलटीपालटी होत. गुरुजी म्हणत, तोंडानं येते तं हातानं काऊन येत नाई, नाटकं करते. छड्या मी खाल्ल्या. सातवीतून बाबांनी मले काढलं अन् कापूस वेचाले लावलं, तुह्यासाठी सायकल आली. तवाही जळत होती मी. मले कोणी दाखला काऊन नाई देल्ला व? तवा आपल्याकडे कोणाले हे माईतच नव्हतं, हे कळते मले. पण कळलं म्हणून जळणं थांबत नाई, बाई.

काल तुहा मेसेज आला. दोन पोरींच्या घरच्यांनी नाई म्हटलं, शुक्रवारपर्यंत नाव नाई देल्लं तं स्वीटीले आपल्याच हातानं पेपर लिहा लागन. काजलनं तो वाचून दाखवला अन् मले विचारलं, "आई, मी तं बरी आहो. मावशीले नाई काऊन म्हटलं?" मले तिच्याकडे पाहवलं नाई.

तू म्हणशीन, ताईनं एवढं लांबलचक पत्र लिहिलं कसं. मी बोलून राह्यली, काजल लिहून राह्यली. लेखनिकानं आपल्या मनचा एक शब्द घालू नाई म्हणते ना तुही शाळा, म्हणून म्हटलं आधी घरीच पाहू, तिले जमते का. 'जळते' आलं तवा तिचा पेन थांबला. तिले वाटलं, आईची लाज झाकावी. म्हटलं, मी बोलली तेच लिही. तिनं लिहिलं. पत्राचा फोटो ती आजच तुह्या फोनवर पाठवते, शुक्रवारच्या आधी तिचं नाव देऊन टाक. रविवारी सिंदीवरून पहिल्या गाडीनं तिले घेऊन येते.

तुहीच,
अजूनही जळणारी ताई,
वर्षाली