मॉलीचा धोंडा

मंगळवार, ६ मे

हो म्हणाला! आमचा व्हर्लिन हो म्हणाला! घेवड्याच्या वाडग्यातून मान वर न करता — "जा, सांग तुझ्या चर्चच्या पाळकाला, त्या ब्रदर कोयला. येत्या रविवारी घेतो बाप्तिस्मा."

माझ्या हातातला मक्याचा पाव पडला, तो कुत्र्यानं खाल्ला. खाऊ दे! लग्न झाल्यापासून मागं लागलेय मी. दर वेळी एकच — "बघू." आता गुरुवारी पंधरा तारखेला छातीचं ऑपरेशन, म्हणून असेल. कशानं का होईना! प्रभू, तुझे उपकार. सफरचंदाचा थरांचा केक करायला हवा. वाळवलेल्या फोडी उरल्यात का, बघते.

शनिवार, १० मे

सगळं फिसकटलं.

सकाळी ब्रदर कोय नि चर्चची माणसं घराखालच्या ओढ्यावर बांध घालायला आली. धोंडे रचायचे, पाणी छातीएवढं तुंबवायचं, मग त्यात माणूस बुडवायचा — आमच्यात असंच. मेथडिस्ट पंथाच्या लोकांसारखं डोक्यावर नुसतं पाणी शिंपडून भागत नाही. पहिलाच मोठा धोंडा कलता केला, तर त्याच्या खालच्या अंगाला पिवळ्या अंड्यांचा गोळा. नि तिथंच मॉली — ओढ्यातल्या या माशाला आमच्याकडं हेच म्हणतात! बोटाएवढा मासा, डोकं बेडकासारखं. एवढी माणसं वाकली तरी जागचा हलेना. बाप असतो तो. आई अंडी घालून जाते, हा राखत बसतो. (माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं याच्याकडून शिकायला हवं होतं. असो.)

व्हर्लिन ओरडला, "ठेवा तो धोंडा! होता तसा ठेवा."

"अरे बाबा, मासा आहे," ब्रदर कोय म्हणाले.

"मला धुवायला त्याचं घर मोडणार? मग राहू द्या माझी पापं अंगावर."

बांधाशिवाय पाणी पोटरीभर. कोणीतरी म्हणालं, गिरणीच्या तळ्यावर जाऊ.

"तिथं मेलो तरी येणार नाही!" व्हर्लिन म्हणाला.

मी कोंबड्यांच्या खुराड्यामागं जाऊन रडले. माशाला शिव्याही घातल्या. छातीचं ऑपरेशन, नि माणूस असाच जाणार!

रविवार, ११ मे

झाला!! धोंड्यापासून लांब, उथळ पाण्यातच निजवला. ब्रदर कोय म्हणाले, देव खोली मोजत नाही. पहिल्यांदा पोट वर राहिलं. दुसऱ्यांदा नाक. "व्हर्लिन, तुझं नाक मेथडिस्ट आहे!" सगळे खो-खो हसले. तिसऱ्यांदा मीच बूट काढून उतरले नि नाक दाबलं. पाणी बर्फासारखं. माझं मनगट त्यानं असं आवळलं की वळ उठलेत. थंडीनं असेल.

केक पुरला. देवाची कृपा.

गुरुवार, १५ मे

ऑपरेशन नीट झालं. आत नेताना त्यानं मनगट पुन्हा तसंच आवळलं. हळूच म्हणाला, "लहानपणी गिरणीच्या तळ्यात बुडत होतो गं. तेव्हापासून पाणी कमरेवर आलं की जीव जातो. बांध झाला असता, तर पळालो असतो."

आणि मी इतकी वर्षं मागत होते — देवा, याला श्रद्धा दे!

मॉली, बाबा, त्या शिव्या मी परत घेते.