बेतून घेतलेली गोळी

प्रिय ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकलो आहे.) तुझे गुडघे बरे असतील, भावोजींचा स्वभावही बरा असेल.

इकडची बातमी तुझ्यापर्यंत तिखटमीठ लागूनच पोचली असेल, म्हणून खरी हकीकत कळवतो. डॉक्टरांनी बीपीची नवी गोळी दिली. दिवसातून एकच, पण कोटाच्या बटणाएवढी! माझा गळा किती अरुंद, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. आता चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस न बसणारी वस्तू पाहून काय करणार? छोट्या कात्रीने चार तुकडे केले आणि एकामागोमाग एक गिळले. (कापणी अगदी सरळ आली होती, पण त्याचं कौतुक कोणाला?) तासाभराने एका वकिलांच्या छातीचं माप घेता घेता मी टेपसकट त्यांच्या अंगावर कलंडलो. त्यांना वाटलं, आमच्याकडे माप असंच घेतात. बिचारे हात वर करून उभेच राहिले.

पुढे औषधाच्या दुकानदाराने माझी शाळा घेतली. साधी गोळी म्हणजे धो धो सोडलेला नळ. औषध रक्तात भराभर चढतं, भराभर उतरतं, म्हणून ती दिवसातून दोन-तीनदा घ्यायची. ही म्हणजे ठिबकत ठेवलेला नळ. तिची घडणच अशी की औषध हळूहळू सुटतं आणि रक्तातली पातळी दिवसभर सारखी राहते. मी तुकडे करून तोटीच उपटली होती! दिवसभराचं औषध एकदम रक्तात, आणि बीपी धाडकन खाली. वर, "काका, बेतून आलेलं पुन्हा बेतायचं नसतं," हेही ऐकून घेतलं. एका शिंप्याने!

तेव्हापासून आमची ही रोज सकाळी समोर बसून मला अख्खी गोळी गिळायला लावते. एकूण सगळं ठीक आहे. काळजी नसावी.

तुझा,
भाऊ

ता. क. काळजी असावी. मी गोळी गिळतच नाही. गालात धरतो आणि हिची पाठ वळली की रुमालात काढतो. आज पाचवा दिवस. डोकं जड आहे आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. पण त्या दिवशी ही इतकी रडली की तोंड उघडून सांगायचा धीर होत नाही.

ता. क. दुसरा. ताई, तू काही करू नकोस. पत्र पेटीत टाकायला हिच्याकडेच देतोय, पाकीट न चिकटवता. माझी सगळी पत्रं ही वाचते. तर अगं, वाचतेच आहेस तर चप्पल घाल, डॉक्टरांकडे जाऊ आणि गिळता येईल असं काहीतरी मागू. रागाव, पण वाटेत रागाव.