उशाखालचा विळा

दादा,

तू भगताला आणायला गेलास, तेवढ्यात मी वहिनीला आणि बाळाला घेऊन बसने इंदूरला अस्पतालात निघाले. भगताला आल्या पावली परत पाठव.

बाळंतिणीला बाहेरची बाधा नको म्हणून आईनं उशाखाली विळा ठेवला. बाळ झाल्यापासून वहिनी जेवत नाही, झोपत नाही, भिंतीकडे तोंड करून रडते, ते कुणाला दिसलं नाही. आज तिनं हात जोडले, "हा विळा इथून न्या, मला भीती वाटते." तर आई म्हणे, लोखंडाला भ्याली, म्हणजे भूतच! आणि तू लगेच चप्पल घातलीस? बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव तूच नदीत सोडलेस ना? मग भूत कशाला ठेवून घेतलंस?

मी फक्त विचारलं, वहिनी, कशाची भीती? म्हणाली, "माझ्याच हातांची." एवढं तुला विचारता आलं नाही!

भाकरी टोपलीत आहे. खा आणि अस्पतालात ये, एकटा. विळा मी विहिरीत टाकला. आईनं विचारलं तर सांग, भुतानं नेला.

दुर्गा