पट्टीवाला का थेंबवाला

मंगळवार, दिवे लागणीले

माह्या प्रकाशनं घरात खाऱ्या पाण्याच्या मासोळ्या पाळल्या. आज दिवसभर त्याचं एकच चालू, पाणी तपासाले पट्टीवाला किट घेऊ का थेंबवाला. पट्टीचा रंग बरोबर कळत नाही म्हणे. अन त्याच्या पोरीच्या दातावरचे पिवळे डाग? तो रंग कळते का याले? बोअरच्या पाण्यानं होते ते, डॉक्टरीणबाई सांगून थकली.

मी म्हटलं, "अरे, आपल्या माठातलंही तपास."

"आई, हे किट खाऱ्या पाण्याचे हायेत. अन माठाचं काहून तपासू? सारं गाव तेच पिते."

मोठा आला शहाणा. मासोळ्यांपायी जीव टाकते, अन पोरीचे दात... उद्या जेवताना त्याच्या ताटाजवळ मासोळ्यांच्या टाकीतलं पाणी ठेवतो. तपासलेलं हाय ना.