सोळावी सही

२ नोव्हेंबर
सभेत मी एकटीनेच "नाही" म्हटलं. आमची जुनी इमारत पाडून नवी बांधायची आहे. सोळा घरं, पंधरा सह्या. सोळावी माझी. सेक्रेटरी अविनाश म्हणाला, "मॅडम, सगळ्यांचं ठरलंय." मला विचारायच्या आधी सगळ्यांचं कसं ठरलं? तीस वर्षं पनवेलच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. 'व्यक्तिस्वातंत्र्य' फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं. आज पहिल्यांदाच वापरून पाहिलं.

५ नोव्हेंबर
अविनाश घरी आला. माझाच विद्यार्थी. "बहुमताचा मान राखावा, हे तुम्हीच शिकवलंत."
म्हटलं, "अल्पमताचा धडा त्याच्या पुढचाच होता. त्या दिवशी तू गैरहजर असशील."
चहा अर्धा टाकून गेला.

६ नोव्हेंबर
जिन्यात कोणी बोलत नाही. कामाला येणारी ललितासुद्धा विचारते, "म्याडम, तुमच्यामुलं बिल्डिंग आडलीय, खरं हाय?"
खरं हाय.

९ नोव्हेंबर
तिसऱ्या मजल्यावरच्या सुमतीकाकू आल्या. वय ब्याऐंशी. वर्षभरात पहिल्यांदा जिना उतरल्या — धाप लागलेली. "सगळे म्हणाले, तुम्ही बोलून बघा. नव्या इमारतीत लिफ्ट असेल गं." एवढंच बोलल्या. परत वर पोचवायला गेले. दर पाच पायऱ्यांना थांबायच्या, आणि थांबल्या की माझ्याकडे बघून ओशाळं हसायच्या. माझं घर, माझा हक्क — सगळं बरोबर आहे. पण माझं स्वातंत्र्य तळमजल्यावर राहतं, हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

१० नोव्हेंबर
अविनाशला सांगितलं, एकदा गुप्त मतदान घे. ठरेल ते मान्य.
"एक मत विरोधात पडणार, मॅडम. कुणाचं ते सगळ्यांना कळणारच. मग गुप्त कशाला?"
म्हटलं, "तरीही घे." तत्त्व सोडताना निदान चारचौघांत सोडायला नको, हे त्याला कसं सांगू?

१६ नोव्हेंबर
काकूंसाठी सभा तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्याच दाराशी घेतली. चिठ्ठीवर 'होय' लिहिलं, चार घड्या घातल्या.
निकाल — विरोधात पंधरा, बाजूने एक.
अविनाशने चिठ्ठ्या तीनदा मोजल्या. कोणी कोणाकडे बघेना.
काकू माझ्या कानाशी लागल्या. "सगळे करतायत म्हणून मी आपली सही केली होती गं. पण हा एकटा कोण मेला?"
म्हटलं, "ठाऊक नाही, काकू."