चिखलातली छपरं

३ मार्च
आले एकदाची! मावशींच्या घरात भाड्याची खोली, खिडकीतून थेट खाडी. मावशी मला ‘पोरी’ म्हणतात. पस्तिशीत असं कोण म्हणतं हो! काम मजेचं आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून खारफुटी किती हटली ते मोजायचं, आणि पूर्वी तिथे काय होतं ते जुन्या माणसांना विचारून चित्रावर खूण करायची. दोन्ही जुळलं की अहवाल पक्का, असं सर म्हणतात.

९ मार्च
नावाडी आजोबा बोलायलाच तयार नव्हते. पण मीही चिवट. शेवटी पाण्याने गिळलेलं वडिलांचं घर त्यांनी विटेविटेने सांगितलं. सांगताना रडले. मी मात्र खुशीत खूण केली.

१४ मार्च
नवं चित्र आलं. आजोबांच्या खुणेवर, भर चिखलात, छप्पर! सर म्हणाले, ढगाची सावली असेल. आजोबांना दाखवायला गेले, तर सून रडत होती. ओहोटी लागल्यावर ते खाडीत चालत गेले, ते परतलेच नाहीत.

१९ मार्च
जाळी विणणाऱ्या वहिनींनी बुडालेलं माहेर सांगितलं होतं. चित्रात आता तेही आहे. वहिनी नाहीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मुलाखती बंद.

२२ मार्च
मावशी मागे लागल्यात. त्यांचं तान्हं बाळ जुन्या घरासकट वाहून गेलं. आजवर कुणाकडे बोलल्या नाहीत. सगळ्यांचं ऐकलंस, मग माझंच का नाही, म्हणतात. शेवटी खरं कारण सांगितलं. वाटलं, घाबरतील. त्यांचा चेहरा उजळला. मला फार भीती वाटते. मला या बाईंना गमवायचं नाही.

२३ मार्च
कडी लावून, कानांत बोटं घालून बसले. मावशी दाराबाहेरून सांगत राहिल्या – उंबरा, कोनाडा, पाळणा – ऐकू आलं. सगळं.

२४ मार्च
मावशी नाहीत. चिखलात पावलं, फक्त जाणारी. हाका मारल्या – खूप –

२५ मार्च
त्यांचं घर डोक्यातून जात नाही. लिहून टाकलं की जाईल. उंच उंबरा. डावीकडे कोनाडा. पाळणा – हलतोय. शेजारी मावशी. त्यांच्याजवळ अंथरूण घातलंय, माझ्या मापाचं. हे तर त्यांनी सांगितलं नव्हतं –
ओहोटी लागली. जरा घरी जाऊन –