टेकू हलवायचे नाहीत

५ फेब्रुवारी
क्षितिजा, लिहायला उशीर झाला, रागवू नकोस. घरात रोज काय होतं ते वहीत लिहून ठेवा म्हणाली होतीस, पण काळाचौकीहून येऊन सामान लावण्यातच आठ दिवस गेले. तुमचं सिल्व्हर पार्कचं घर मला आवडलं. गॅलरीत ऊन येतं, भाजीवाला मला चाचाजी म्हणतो. तू माहेरी सांभाळून राहा, सातवा महिना आहे, जिने चढू नकोस. स्वप्नील गेल्यापासून मला एकच घोर आहे, त्याचं बाळ धड जन्माला यावं.

७ फेब्रुवारी
स्वप्नीलच्या ऑफिसातला पालीचा डॅरेन आला होता. म्हणाला, अंकल, तुमचा स्लॅब ओतायचा सेंट्रिंगचा फर्मा असतो ना, तसाच तुमच्या पोरानं लिहिलेला फर्मा हाय. दुकानं, दवाखाने ज्या कॉम्प्युटरांवर चालतात, ते त्यातून पुन्हापुन्हा उभे करतात. हा फर्मा दुसऱ्या चार फर्म्यांवर टेकलाय. त्यांच्या आवृत्त्यांना कुलूप लावायचं, न्हायतर तो मिळेल तो टेकू घेतो. रोज दुपारी तीनला स्वप्नीलच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर चाचणी होते. खरंच उभं करायचं, तपासायचं, पाडायचं. पाडण्याआधी मशीन विचारतं, पाडू का. तेव्हा मी वाय, म्हणजे हो, दाबायचं. महिनाअखेर कंपनी हे सगळं घेऊन जाईल. सहावी शिकलेल्याला झेपेल का विचारलं, तर म्हणाला, एकच बटन हाय, हात थरथरला तर दोनदा दाबा.

१० फेब्रुवारी
चाचणी सुरू झाली तशी स्वप्नीलची खुर्ची करकरली. वाय दाबल्यावर थांबली. पंखा असेल.

१२ फेब्रुवारी
खुर्चीत स्वप्नील होता. पाठमोरा. मानेवर लहानपणी भाजल्याचा डाग तोच. सात मिनिटं बसला. मग पडद्यावर पाडू का आलं आणि सवयीनं मी दाबलं. तो वरून खाली विरत गेला. केस, मान, खांदे. मी माझ्या हातानं केलं. जेवलो नाही.

१३ फेब्रुवारी
चाळीस वर्षं सेंट्रिंग केलं. ओला स्लॅब कुणी पाडतं का? टेकू हलवायचे नाहीत, दिवस भरू द्यायचे, मग तो आपल्या बळावर उभा राहतो. पोराला तेवढा वेळच मिळत नाही.
आज दाबलं नाही.

१५ फेब्रुवारी
तो बसून आहे. बोलत नाही. पुढे ठेवलेल्या चहावर साय धरली. डॅरेनला फोन केला. आधी हसला, मग कधीपासून पाडलं नाही ते विचारलं. म्हणाला, पाडलं न्हाय तर ते टेकूवर भार टाकतच राहतं, अंकल. आणि चौथं कुलूप लावायच्या आधीच स्वप्नील गेला, तो टेकू उघडाच हाय. आजच पाडा म्हणाला.
डॅरेनला मूलबाळ नाही, त्याला कसं कळणार.

१८ फेब्रुवारी
डाव्या हाताला जाणीव नाही. तुझ्या सासूचं नाव सकाळपासून आठवून पाहतोय, येत नाही. तो मात्र भरत चाललाय. गालाला रंग आलाय.

१९ फेब्रुवारी
पडद्यावर टेकूंची यादी आहे. चौथी ओळ अक्षर अक्षर लावून वाचली. आत्माराम. माझंच नाव.
मग ठीक आहे. बापच आहे मी. येऊ दे भार.

२१ फेब्रुवारी
पाय उचलत नाहीत. खुर्चीपाशी जमिनीवर बसून लिहितोय. चौथ्या ओळीतलं नाव गेलं — मी पुरलो नाही — तिथे दुसरं काही येतंय —
नाव नाही. नाव अजून ठेवलेलंच नाही. नुसतं स्वप्नीलचं बाळ, महिना सातवा —

पाडतो. आत्ता पाडतो. वाय दाबायला हात नेला तर त्यानं बटनांवर पंजा ठेवला. उचलत नाही. त्याला सांगतोय, अरे तुझंच आहे ते, तुझंच — तो बघतोय नुसता —

क्षितिजा, बाळ हलतंय का? बाकी काही लिहू नकोस, एवढंच लवकर कळव, हलतंय का, पोटावर हात ठेव आणि —